चिखलाचा टायर बर्फात का फसतो?

(परभणी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



परभणीत उभं राहून बर्फावर बोलायचं म्हटल्यावर थोडं हसू येणारच. आपला बर्फाशी संबंध उसाच्या रसाच्या गाड्यापुरता. पण हा विषय मी दोन कारणांनी घेतला. एक म्हणजे आपल्या भागातली बरीच पोरं आता हिवाळ्यात हिमाचलला, काश्मीरला, लडाखला गाड्या घेऊन जातात. कुणी सैन्यात असतो, कुणी ट्रकवर असतो, कुणी मित्रांसोबत फिरायला निघतो. जीपला मोठ्या नक्षीचे, चिखलाचे टायर टाकलेले असतात आणि मनात एकच हिशोब असतो: जो टायर आपल्या काळ्या रानातून गाडी बाहेर काढतो, त्याला बर्फाचं काय कौतुक? हा हिशोब चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. दुसरं कारण असं की बर्फातला टायर समजून घेतला की आपल्याच शिवारातला चिखल जास्त नीट समजतो.

आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकतो. चिखलाचा टायर चिखल बाहेर फेकायला बनवलेला असतो. हिवाळी टायर हिम आत धरून ठेवायला बनवलेला असतो. दोघांची कामं उलटी आहेत. आता हे असं का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी आपली माती

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झाली. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, त्या थरांची ही माती. खोल काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त, भाग निव्वळ चिकणमातीचा असतो आणि त्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. या खनिजाची रचना पोथीच्या पानांसारखी आहे. पाणी पानापानांत शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून जातं आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधनाकाठची खोल रानं ज्यांनी कसली आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही.

या मातीचं सगळं वागणं पाण्याच्या प्रमाणावर ठरतं. आपल्या शेतकऱ्याकडे त्यासाठी एक फार अचूक शब्द आहे: वाफसा. वाफशाआधी औत घातलं तर ढेकळं निघतात, चाक रुततं. वाफसा उलटून गेला तर जमीन लोखंडासारखी होते. मुठीत माती दाबायची, मग बोटाने मोडून बघायची, हीच आपली प्रयोगशाळा. १९११ साली अल्बर्ट आटरबर्ग या स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञाने हीच गोष्ट मोजण्याच्या पातळीवर आणली. किती पाण्याला माती भुरभुरीत राहते, किती पाण्याला ती वळवता येते आणि किती पाण्याला वाहू लागते, याच्या मर्यादा त्याने ठरवल्या. आज कुठल्याही रस्त्याचं किंवा धरणाचं काम सुरू होण्याआधी मातीची आटरबर्ग मर्यादा काढतात. बर्फाच्या देशातला माणूस, आणि त्याने ओल्या मातीचं गणित घातलं. आपण आज उलट्या दिशेने निघालोय.

चिखलाचा टायर काय करतो

ट्रॅक्टरचं मागचं चाक डोळ्यांसमोर आणा. जाड, उंच, तिरके ठोकळे. मागून पाहिलं तर बाणाच्या टोकासारखी रांग दिसते. ठोकळ्यांच्या मधली जागा मोकळी आणि बाजूला उघडी. चाक फिरतं तेव्हा ठोकळा मातीत घुसतो, मागे रेटतो, आणि मधे अडकलेला चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो. म्हणून टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. टायर उलटा बसवला तर चिखल बाजूला जायच्या ऐवजी मधोमध दाबला जातो, नक्षी भरते आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. लाडू झाला की तुमचा नवा टायर आणि गोटा झालेला जुना टायर यांत काही फरक उरत नाही.

जीपचा मड टायर याच कुळातला. साध्या कारच्या नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते, मड टायरची जवळपास दुप्पट. ठोकळे मोठे, संख्येने कमी, आणि मधल्या खाचा रुंद. रबर टणक, कारण त्याला दगडावर चिरायचं नाही आणि बाभळीच्या काट्याला दाद द्यायची नाही.

या टायरचं यश दोन गोष्टींवर उभं असतं. पहिली, चिखलाच्या खाली कुठेतरी घट्ट थर असला पाहिजे. पाणंद रस्त्यावर वर वीतभर राडा आणि खाली जुना मुरूम असतो. तिथे ठोकळा राडा कापत मुरमापर्यंत पोचतो आणि गाडी निघते. दुसरी, नक्षी सतत मोकळी होत राहिली पाहिजे. म्हणून अनुभवी ड्रायव्हर चिखलात थोडा जोर देतो, चाक गरगर फिरवतो, चिखलाच्या चिंध्या मडगार्डवर उडतात आणि ठोकळे पुन्हा उघडे पडतात. ही सवय लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

खोल काळ्या रानात मात्र खाली मुरूम नसतो, चार-चार फूट चिक्कणच. तिथे चाक फिरवत राहिलं की ते खड्डा खणत जातं आणि शेवटी ट्रॅक्टर पोटावर बसतो. म्हणून तिथे जाणते लोक टायरची हवा कमी करतात. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. घुसायचं की तरंगायचं, हे खाली काय आहे त्यावर ठरवायचं.

आता बर्फ

मराठीत चिखलाला शब्द किती! चिखल, राडा, रेंदा, गाळ, गारा. बर्फाला मात्र आपण एकच शब्द वापरतो. आजच्यापुरता एक फरक करू. आकाशातून भुरभुरत पडतं ते हिम. पाणी गोठून काचेसारखं घट्ट होतं तो बर्फ. टायरसाठी या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

आधी हिम घेऊ. लहान मूल हिमाचा गोळा कसा करतं? दाबून. हिमाचे कण दाबले की एकमेकांना चिकटतात, आणि हिमावर हिम चांगलं पकड घेतं. हिवाळी टायरने ही एक गोष्ट पुरेपूर वापरली. त्याच्या खाचा मध्यम रुंदीच्या असतात. त्यात हिम शिरतं, दाबलं जातं, आणि टायरवर हिमाचाच एक थर बसतो. तो थर खालच्या हिमाला धरतो आणि चाक पुढे सरकतं. चिखलाच्या टायरने नक्षी मोकळी ठेवायची धडपड करावी, तर हिवाळी टायरने ती मुद्दाम भरू द्यावी. ट्रॅक्टरवाल्याला ज्या लाडूची भीती, तोच लाडू इथे कामाचा.

मड टायरच्या रुंद खाचा हिम धरत नाहीत, फेकून देतात. गुडघाभर ताजं, भुसभुशीत हिम असेल तर तो उकरत उकरत पुढे जातो, बऱ्यापैकी जातो. त्यामुळेच गैरसमज होतो. पण गाड्या जाऊन जाऊन जे हिम रस्त्यावर चेपलं गेलंय, त्यावर उकरायला काही नसतं. तिथे मोठ्या ठोकळ्यांची थोडीशी जागा टेकते आणि गाडी घसरते.

आता घट्ट बर्फ. शून्य अंशाच्या जवळचा बर्फ सर्वांत वाईट, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा पुसणं हे पहिलं काम. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढाव्यात तशा असंख्य बारीक चिरा असतात. गाडीचं वजन आलं की चिरा उघडतात, पाणी शोषतात आणि त्यांच्या कडा बर्फाला ओरखडतात. मड टायरच्या जाड ठोकळ्यावर अशा चिरा नसतात, किंवा अगदी मोजक्या असतात. ठोकळा अखंड राहावा हीच तर त्याची ताकद, आणि बर्फावर तीच त्याची कमजोरी.

मग येतं रबर. थंडीत रबर कडक होतं. टायरच्या धंद्यात ७ अंश सेल्सिअस हा ढोबळ आकडा धरतात. त्याखाली साध्या टायरचं रबर ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मुद्दाम बनवतात. परभणीच्या ऐन थंडीत पारा या आकड्याखाली जातो हे आपल्याला माहीत आहे, पण ते पहाटेपुरतं. दिवस वर आला की रस्ता तापतो. तिकडे आठवडेच्या आठवडे शून्याखाली जातात.

म्हणजे चिखलाचं वागणं पाण्यावर ठरतं, तसं हिमाचं वागणं तापमानावर ठरतं. उणे पंधराला हिम कोरडं, करकर वाजणारं, त्यातल्या त्यात बरी पकड देणारं. शून्याला तेच हिम ओलं आणि निसरडं. दुपारी वितळलेला रस्ता संध्याकाळी पुन्हा गोठतो तेव्हा तर आरसाच होतो. आपण वाफसा बघून रानात उतरतो. तिकडे तापमान बघून गाडी काढतात.

निघणं वेगळं, थांबणं वेगळं

या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. गाडी फोर बाय फोर असली की चारही चाकं ओढतात, म्हणून ती हिमातून निघते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो. थांबताना फोर बाय फोरचा काहीही उपयोग नाही. तिथे फक्त टायर आणि रस्ता.

साधं गणित करू. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक सुमारे ०.७. ब्रेक दाबल्यावर गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. चेपलेल्या हिमावर गुणांक ०.२५ धरा, अंतर २५ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१ धरा, अंतर ६३ मीटर. एका एसटी बसची लांबी १०-११ मीटर. म्हणजे डांबरावर तुम्ही एका एसटीच्या आत थांबता आणि बर्फावर जवळजवळ सहा एसट्या ओलांडून जाता. घाटातल्या वळणावर सहा एसट्यांची जागा नसते, दरी असते. हे आकडे टायर, उतार आणि तापमान यांनुसार बदलतील, पण पट हा असा आहे.

आणि आता ती चिखलातली सवय. चिखलात चाक गरगर फिरवलं तर नक्षी मोकळी होते. हिमावर तेच केलं तर घर्षणाने वरचा थर वितळतो, लगेच गोठतो, आणि तुमच्याच चाकाखाली गुळगुळीत बर्फ तयार होतो. म्हणून तिकडे जोर द्यायचा नाही. खालचा गिअर, हलका पाय, स्टिअरिंग हळू, ब्रेक हळू, आणि उतारावर इंजिनचा ब्रेक. चिखलात जोरावर चालवणारा कसलेला ड्रायव्हर बर्फात नवख्यापेक्षा धोकादायक ठरू शकतो, कारण त्याचा पाय विचाराच्या आधी दाबला जातो.

टायरवरची अक्षरं

दुकानात टायर बघताना त्याच्या भिंतीवर 'एम+एस' असं इंग्रजीत कोरलेलं दिसतं. म्हणजे चिखल आणि हिम. आपला माणूस म्हणतो, बघा, कंपनीनेच लिहून दिलंय! पण ही खूण नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. त्यासाठी हिमावर टायर चालवून बघण्याची अट नाही. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडात दुसरी खूण आली: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ही खूण मिळवायला टायरला चेपलेल्या हिमावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते आणि ठरवून दिलेल्या साध्या टायरपेक्षा सरस ठरावं लागतं. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर आधी 'एम+एस' चालायचं. २०१८ पासून बनणाऱ्या टायरला डोंगराची खूण सक्तीची झाली आणि जुन्यांची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. एवढा फरक त्या दोन खुणांमध्ये आहे.

हिवाळी टायर ही फार जुनी गोष्ट नाही. फिनलंडमधल्या कारखान्याने, ज्याला आज नोकियन म्हणतात, १९३४ मध्ये ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला. त्याच्याही आधारे न भागणाऱ्या बर्फासाठी पुढे खिळ्यांचे टायर आले. पण खिळे डांबर उकरतात आणि त्याची धूळ शहरात उडते. जपानने या धुळीपायी १९९० मध्ये कायदा केला, खिळे मागे पडले, आणि मऊ रबराचे, बिनखिळ्यांचे टायर तिथे खूप सुधारले. थोडक्यात, जिथे जशी जमीन, तिथे तसा टायर घडत गेला. आपल्याकडे कोकणातल्या भातखाचरात ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाकं लावतात, तीही याच तर्काने.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमची गाडी मड टायरची आहे. मनालीला जायचंय. चौघांना नवे टायर परवडत नाहीत. काय करावं?*

साखळ्या घ्या. चाकाच्या मापाच्या, आणि घरी अंगणात दोनदा लावून बघा. तिथे थंडीत बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही. साखळी इंजिन ज्या चाकांना ओढतं त्या चाकांना लावायची आणि गाडी सावकाश चालवायची. उघडं डांबर आलं की काढायची, नाहीतर साखळीही तुटते आणि रस्ताही खराब होतो. हिम पडल्यावर अटल बोगद्याच्या दिशेला पोलीस पुष्कळदा फक्त फोर बाय फोर आणि साखळीवाल्या गाड्याच सोडतात. अडवलं तर हुज्जत घालू नका. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी खाली ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची गाडी करा.

*हवा किती ठेवायची?*

इथून निघताना ठरवू नका. थंडीत हवा आकसते, गेजवर कमी दिसते. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेजवर जास्त दिसते. दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा आणि कंपनीच्या आकड्यावर आणा. आइसलंडमध्ये खोल हिमावर मोठ्या जीपा दोन-तीन पीएसआयवर चालवतात, ते खास रुंद टायर असतात. त्यांची नक्कल साध्या गाडीने केली तर टायर रिमवरून निघेल.

*ट्रॅक्टरच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरतात. थंड देशात कसं करतात?*

चांगला प्रश्न. साधं पाणी गोठून दगड होईल, म्हणून ते त्यात कॅल्शियम क्लोराइडसारखं मीठ मिसळतात. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्यावर गोठतं. आपल्याला त्याची गरज नाही, उलट त्याने रिम गंजते.

*सर, आपल्याकडे तर बर्फ पडतच नाही. मग आम्ही यातून काय घ्यायचं?*

पडतो की. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने रब्बीची काय दशा केली ते इथे बसलेल्यांनी पाहिलंय. गारांनी भरलेल्या रस्त्यावर, त्या वितळेपर्यंत, मोटारसायकल काढू नका. तिथे कुठलाही टायर कामाचा नाही.

पण आपला खरा बर्फ वेगळा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत अवकाळी पाऊस येतो. ट्रॅक्टर रानातून निघतो, मागे दोन ट्रॉल्या. ठोकळ्यांमध्ये मणभर चिक्कण भरलेली. ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागतो, वेग घेतो, आणि टायर आपलं काम चोख करतो: चिखल फेकतो. तो सगळा चिखल डांबरावर पडतो. मागून येणारी वाहनं तो चेपतात, वर भुरभुर पाऊस पडतो, आणि पातळ ओल्या चिकणमातीचा थर तयार होतो. हिवाळी रस्त्यावरच्या बर्फाचं आणि या थराचं वागणं फार वेगळं नाही. रात्री मागून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला तो दिसतही नाही. ट्रॅक्टर सुखरूप कारखान्यावर पोचतो, पडतो तो मागचा.

म्हणून शेतातून रस्त्यावर चढण्याआधी दोन मिनिटं थांबा. खुरप्याने, पारीने टायर खरवडा. बांधाच्या तोंडाशी चार पाट्या मुरूम किंवा उसाचं पाचट टाका, म्हणजे चाक तिथेच बरंचसं साफ होईल. रस्त्यावर ढेकळं पडलीच तर फावड्याने बाजूला ओढा. आणि मोटारसायकलवाल्यांनो, कारखान्याच्या वाटेवर ओल्या रस्त्यावर काळे पट्टे दिसले तर समजा पुढे बर्फ आहे. वेग आधीच कमी करा, पट्ट्यावर गेल्यावर ब्रेक दाबू नका.